पंचफुलाबाईंची झील

कुणी काशीला जातं, कुणी बालीला. मी अमरावती-अकोल्याला जाऊन आले, तेही हौसेनं, आणि हे ऐकल्यावर चिपळुणात प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला, "तिकडे कोण आजारी आहे?"

तिकडे कुणी आजारी नव्हतं. तिकडे पंचफुलाबाई होत्या.

माझी बाजारपेठेत खानावळ आहे. फार वर्षांपूर्वी वानखडे नावाचे एक सर्वेअर आमच्याकडे जेवायला असत. अमरावतीचा माणूस, बदलून कोकणात आलेला. ताटात भात दिसला की चेहरा पडायचा आणि सुरमई दिसली की खुर्ची मागे सरकायची. परत बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला आले आणि एक कॅसेट हातात ठेवून म्हणाले, "वैनी, तुमच्या माशाईचा वास आमाले सोसला नाई, पन तुमी आमाले उपाशी ठेवलं नाई. हे घ्या, आमच्या इकडची भजनं."

ती खंजिरी भजनं होती. तळहाताएवढी चामड्याची खंजिरी वाजवत एक बाई पुढे गाते आणि तिची ओळ मागची बाई उचलून धरते, ती झील. पुढचा आवाज पंचफुलाबाईंचा. भाकरी तव्यावर टाकल्यावर क्षणभर जो कोरडा, खमंग वास सुटतो ना, तसा तो आवाज होता. त्यात गोडवा कमी, भूक जास्त. मला तर वेडच लागलं. भाकऱ्या थापताना, वाटण वाटताना ती भजनं मी बाईंच्या बरोबरीनं म्हणायला लागले. कॅसेटनं मान टाकली तेव्हा मुलानं ती फोनमध्ये भरून दिली. गिऱ्हाईकं बदलली, गॅस आला, मिक्सर आला, पंचफुलाबाई तशाच राहिल्या. या हिवाळ्यात गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली तेव्हा मी ठरवलं, पाय चालताहेत तोवर या बाईला एकदा समोर बसून ऐकायचं. वानखड्यांना फोन केला. ते म्हणाले, "या, या. कधी येता थे सांगा." सोबतीला सुलूवन्सं, म्हणजे माझी धाकटी नणंद, आल्या. भजनाची त्यांना आवड नाही, पण प्रवासाची आहे, आणि त्यांना मागे ठेवलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

अमरावती

कोकणातून येणाऱ्याला इथे पहिली गोष्ट खटकते ती म्हणजे आकाश. आमच्याकडे आकाश माडांच्या आणि डोंगरांच्या फटीतून जेवढं वाट्याला येईल तेवढंच. इथे कुणी काटकसरच केलेली नाही. सकाळी चांगली बोचरी थंडी, दुपारी स्वेटर काढून कुठे ठेवावा असा प्रश्न, आणि हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग. वन्संनी पहिल्याच चौकात संत्री घेतली आणि सोलता सोलता साडीवर रस उडवून घेतला.

वानखडे आता निवृत्त झालेत, केस गेलेत, पण बोलणं तेच. त्यांनी आम्हाला आधी घरी न नेता थेट एका गाडीवर नेलं आणि गिला वडा मागवला. पातळ दह्यात भिजलेला मऊ वडा, त्यावर तिखट चटणी.

"म्हणजे दहीवडाच की," वन्सं म्हणाल्या.

गाडीवाल्याचा झारा हवेतच थांबला. "बाई, दहीवडा वेगळा अन् गिला वडा वेगळा."

"फरक काय?"

"खाऊन पाहा. मंग तुमीच सांगा."

वन्संनी खाल्ला. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. "फरक आहे," असं त्या म्हणाल्या आणि दुसरी प्लेट मागवली. गाडीवाल्यानं त्यांना माफ केलं.

वानखड्यांच्या घरी तर पाहुणचारानं आमचा जीव नकोसा केला. आमच्याकडे पाहुण्याला 'चहा घेणार का?' असं विचारायची पद्धत आहे. विचारण्यातच नाही म्हणायची सोय असते. इथे विचारतच नाहीत. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. मी स्वतः लोकांना जेवायला घालून पोट भरणारी बाई, पण वानखडेबाईंच्या वाढण्यापुढे मी हात टेकले. ज्वारीची भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी, ठेचा आणि जवसाची चटणी. ठेच्याबद्दल एवढंच सांगते की तो मीठ म्हणून घ्यायचा, भाजी म्हणून नाही. हे मला दुसऱ्या घासाला कळलं.

हात धुतल्यावर मी म्हटलं, "मग उद्या अकोल्याला, पंचफुलाबाईंकडे. गातील ना दोन भजनं?"

वानखडे सुपारी कातरत राहिले. बायकोकडे पाहिलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"वैनी, थ्या आता म्हनत नाईत."

"म्हणजे?"

"त्याईची जाऊ होती, अनसूयाबाई. थेच झील धरे. कॅसेटमंदी मांगचा आवाज आयकला ना तुमी, थो तिचाच. थे वारली. तवापासून पंचफुलाबाईनं एक भजन पुरं केलं नाई. बाकीच्या बायाईनं झील धरून पाहली, पन त्याईचं म्हननं एकच, झील जमत नाई. भजनी मंडळ बसल्यातच जमा हाये."

"आणि हे तुम्ही मला आत्ता सांगता?"

"फोनवर सांगतलं असतं त तुमी आल्या असत्या काय?"

आले नसते, हे खरं. पण मी तोंड फिरवून बसले. सगळा महाराष्ट्र आडवा कापून आले होते आणि घोडं इथे पेंड खात होतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट याचं वाटलं की ज्या मागच्या आवाजाबरोबर मी इतकी वर्षं भाकऱ्या थापल्या, त्याचं नाव मला तो गेल्यावर कळलं.

अकोला

वानखड्यांनी आम्हा दोघींना बडनेऱ्याला गाडीत बसवून दिलं. गाडी सुटली की दोन्ही बाजूंना काळी जमीन. आमची माती लाल, जांभ्याची, पाणी धरून न ठेवणारी. ही माती मात्र मिळेल ते गिळून बसलेली. मधे तूर, मधे वेचणीला आलेला कापूस. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, परत जाऊ या का? बाई गात नाहीत तर त्यांना त्रास कशाला द्यायचा?" मी म्हटलं, "गाऊ देत नाहीतर न गाऊ देत. नमस्कार तरी करून येऊ." पण मनात काय होतं ते मलाच माहीत. ज्या गळ्यानं मला एवढं दिलं, तो असा बंद पडू नये, आणि पडायचाच असेल तर त्याआधी एक ओळ तरी माझ्या कानांवर पडावी.

मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात गेलो. गल्ल्या अशा की समोरून म्हैस आली तर आपण कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. रिक्षावाले चाचा पांढऱ्या दाढीचे होते. नाव सांगताच म्हणाले, "पंचफुलाबाई? भजनवाली? बैठो ना बाई." मग आरशातून आमच्याकडे पाहत म्हणाले, "हमारे मोहल्ले तक आवाज आता था. एकादशी है के नहीं, हमको उनके गाने से मालूम पडता था. अब तो बहुत दिन हुए, कुछ सुनाई नहीं देता. तबियत ठीक है ना उनकी?" मी म्हटलं, "तेच बघायला चाललोय."

पंचफुलाबाई अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. बारीक चणीची, काळीसावळी बाई, सत्तरी ओलांडलेली, नऊवारीचा पदर डोक्यावरून घेतलेला. इतक्या मोठ्या आवाजाला एवढंसं घर कसं पुरलं असेल, असं मला वाटलं. मी वाकून नमस्कार केला. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवलेही नाहीत.

"कुठून आल्या?"

"चिपळूणहून. तुम्हाला भेटायला."

"मले? कावून?"

मी सगळं सांगितलं. खानावळ, वानखडे, कॅसेट. त्या ऐकत होत्या आणि शेंगा सोलत होत्या. त्यांची सून मंदा चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"बाई," पंचफुलाबाई म्हणाल्या, "आल्या, लय चांगलं झालं. जेवून जा. पन भजन म्हन असं म्हनू नोका. थे संपलं आता."

अशा तोंडावर बोलण्याची मला सवय नव्हती. आमच्याकडे नकारसुद्धा साखरेत घोळून देतात. वन्संनी मला कोपर मारलं, म्हणजे उठा. पण मी हटवादीपणानं बसून राहिले आणि शेंगा सोलू लागले. काम हातात असलं की मला धीर येतो.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "कोनतं भजन आवडे तुले?" 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या होत्या, मला बरं वाटलं.

"पेरलं थे निंघालं."

"येते तुले?"

"अख्खं."

"म्हन बरं."

 देवापुढे बसून देवाचीच नक्कल करायची! पण मी डोळे मिटले, आपण आपल्या ओट्याशी आहोत असं समजले आणि सुरू केलं, जसं घरी म्हणते तसं, पुढची ओळही माझीच आणि झीलही माझीच.

*पेरलं थे निंघालं, निंघालं थे कापलं,*
*वाटलं तेवढं मायं, बाकी मातीनं झाकलं.*

पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला त्यांनी एकदम हात वर केला.

"थांब. हे कडवं परत म्हन."

चुकले असणार.  परत म्हटलं, तसंच. या कडव्यात 'तेवढं मायं', म्हणजे 'तेवढं माझं', पुन्हा येतं; त्यावरचा लांब सूर अर्ध्यात असतानाच झील आत शिरते, ती मी तशीच घेतली.

पंचफुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. त्या रडताहेत असं वाटून मी घाबरले, पण त्या हसत होत्या. मग हसता हसता खरंच रडल्या.

"मंदे, आयकलं काय वं? अनसूयाची चूक हाये थे!"

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. कॅसेट भरायला दोघी जावा दुसऱ्या शहरात गेल्या होत्या. काचेच्या खोलीत बसवलेलं, काचेपलीकडे एक माणूस. तो हात वर करेल तेव्हा सुरू करायचं, एवढंच त्यांना सांगितलेलं. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर त्या माणसानं डोकं खाजवायला हात उचलला. अनसूयाबाईंना वाटलं, इशारा झाला. पंचफुलाबाईंचा सूर संपायच्या आत त्यांनी झील ठोकून दिली. त्या माणसाला चूक कळलीच नाही, उलट 'फार छान' म्हणाला आणि कॅसेट तशीच निघाली.

"येस्टीत मी तिच्याशी सबंद रस्ताभर बोलली नाई," पंचफुलाबाई म्हणाल्या. "अकोल्यात उतरल्यावर थे म्हने, बाई, कोनाच्या ध्यानात येते? म्या म्हनलं, साऱ्या दुनियेच्या ध्यानात येईन. अन् हे पाहा, चिपळूनची बाई चूक पाठ करून बसली!"

मी ती जागा भजनातली सगळ्यात सुंदर जागा समजत आले होते. एक आवाज थांबायला तयार नाही आणि दुसऱ्याला दम निघत नाही. मी तसं त्यांना सांगितलं.  त्यांनी सोललेले दाणे परातीत एकीकडे सारले आणि म्हणाल्या, "उद्या बार्शीटाकळीले रोडगे हायेत, मंडळाच्या एका बाईच्या वावरात. तुमी दोघी चाला." भजनाचं नाव मात्र त्यांनी काढलं नाही.

बार्शीटाकळी

रोडगे हे माझ्या धंद्यातलं प्रकरण, म्हणून नीट सांगते. नवस फेडायचा असो की नुसतं जमायचं असो, वऱ्हाडात लोक शेतात जाऊन रोडगे करतात. कणकेचा, तेल लावून पदर काढलेला जाड गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. वरून काळा पडेपर्यंत भाजायचा, राख झटकायची, फोडायचा आणि आतल्या मऊ, वाफाळत्या भागावर तूप सोडायचं. बरोबर वांग्याची भाजी आणि वरण. आम्ही केळीच्या पानात पानगी भाजतो, ती या रोडग्यापुढे सासुरवाशिणीसारखी वाटते. वन्संनी चाखायला म्हणून काढलेल्या पहिल्या रोडग्याचा राख न झटकताच चावा घेतला, आणि मंडळाच्या बायका इतक्या हसल्या की दोन रोडगे विस्तवातच करपले.

मंडळात सात-आठ बायका होत्या. झाडाखाली सतरंजी अंथरलेली, टाळ आणलेले. खंजिरी पंचफुलाबाईंच्या मांडीवर होती. त्यांनी ती आणली हेच विशेष, असं मला मंदा म्हणाली. ती माझ्याशेजारी कणकेचे गोळे करत होती. आवाज खाली ठेवून बोलत होती.

"मले सारी भजनं येतात बाई. अनसूयाकाकू असतानी त्याईच्या मांग बसून बसून शिकली. एक डाव म्या झील धरली, त आईनं खंजिरीच खाली ठेवली. तवापासून म्या तोंड नाई उघडलं."

"का, चुकलीस?"

"नाई. बरोब्बर काकूसारखी म्हनली. थेच चुकलं."

जेवणं व्हायच्या आधी, निखारे अजून लाल असताना, पंचफुलाबाईंनी खंजिरीवर बोट मारलं. सगळ्या बायका जिथल्या तिथे थांबल्या.

"चिपळून," त्या म्हणाल्या. मला हाक मारत होत्या. "मांग बस माया."

माझ्या हाताला पीठ, पायाला मुंग्या. मी जाऊन मागे बसले. त्यांनी सुरू केलं, 'पेरलं थे', आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं मीही त्यांच्याबरोबर, 'पेरलं थे'.

खंजिरी थांबली.

"संग नोको म्हनू वं. मी पुढं, तू मांग. चुलीपाशी लय झालं संग म्हननं."

बायका हसल्या. मी जीभ चावली. पुन्हा सुरुवात. या वेळी मी ओठ घट्ट मिटून धरले, त्यांची ओळ संपेपर्यंत थांबले आणि मग उचलली. हे भयंकर अवघड असतं. आवडत्या माणसाबरोबर म्हणणं सोपं, त्याला पूर्ण होऊ देणं कठीण. दुसरं कडवं गेलं. तिसऱ्यात 'तेवढं मायं' आलं, तो लांब सूर लागला, आणि मी सवयीनं आधीच आत घुसले. पंचफुलाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी सूर आणखी लांबवला, माझ्या डोक्यावरून नेला, आणि आम्ही दोघी एकमेकींवर आदळत कडव्याच्या शेवटाला पोचलो. मंडळातली एक म्हातारी पदरानं डोळे पुसत टाळ वाजवत होती. टाळ चुकत होता आणि कुणीच तिला थांबवलं नाही.

भजन संपलं. बायका मला 'वा वा' म्हणत होत्या, वन्संसुद्धा. आणि माझ्या एकदम लक्षात आलं की मी काहीच ऐकलं नव्हतं. कधी उचलायचं, कुठे थांबायचं, यातच जीव अडकलेला. बाई समोर बसून गायल्या आणि मी कोरडीच राहिले. मला इतकी हळहळ वाटली की मी सरळ बोलून टाकलं.

"मावशी, मी तुम्हाला ऐकायला आले होते. मला काही ऐकूच आलं नाही."

"मंग झील कोन धरीन? तू त उद्या चालली."

सगळ्या बायका निखाऱ्यांकडे बघू लागल्या. मंदा परातीवर मान घालून बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं, मग पंचफुलाबाईंकडे पाहिलं.  दोन दिवसांची पाहुणी मी, कुणाच्या घरात किती नाक खुपसणार?

मंदाच उठली. हात पदराला पुसले, येऊन माझ्या बाजूला उभी राहिली. मी सरकून जागा दिली. ती बसली तशी पंचफुलाबाईंनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. खंजिरी खाली ठेवतात की काय, असं मला वाटलं.

"आई, धरू काय?"

"धर. पन अनसूयाची चूक करू नोको," त्या म्हणाल्या. "करशीन त तुयी तू कर."

आणि त्यांनी कॅसेटमध्ये नसलेलं एक भजन सुरू केलं. लेकीला भेटायला निघालेल्या आईचं. शिदोरी बांधते, सोडते, पुन्हा बांधते, काय न्यावं हेच तिला सुचत नाही. मी सतरंजीच्या पार कडेला जाऊन बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या आवाजासमोर गप्प राहिले. आवाज थकला होता. वरच्या सुरावर चिरत होता. मंदाची झील जाडसर, थोडी घाबरलेली, पण तिची स्वतःची, आणि ती मागून आली की पंचफुलाबाईंचा खांदा किंचित सैल पडायचा. टेपमध्ये हे कुठून दिसणार? ओळ सोडताना त्या जरा पुढे झुकतात आणि रिकामा हात उघडतात, जणू त्या आईची शिदोरी तुमच्याच ओंजळीत घालताहेत. माझ्या डोळ्यांना धार लागली. वन्सं रुमाल पुढे करत होत्या, तो मला दिसलाच नाही.

कडवं संपलं. पंचफुलाबाईंनी खंजिरी तशीच वाजती ठेवली आणि माझ्याकडे पाहून ओरडल्या,

"रडून कावून राहिली वं, चिपळून? पुढचं कडवं त हसाचं हाये!"